गिअरबॉक्सचे बोल्ट योग्य टॉर्कवर कसे आवळायचे

गिअरबॉक्स परत चढवताना जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं टॉर्क रेंच पेटीतून बाहेर निघायच्या आधीच झालेलं असतं. गिअरबॉक्स इंजिनला पूर्ण टेकत नाही, बोटभर फट राहते, आणि मग "बोल्टनी ओढून घेऊ" म्हणून पाना लागतो. बोल्ट ओढतात, फट मिटते, टॉर्क रेंच प्रत्येक बोल्टवर बरोबर आकड्याला टक करतो. आत मात्र ऑटोमॅटिकचा ऑइल पंप फुटलेला असतो, नाहीतर मॅन्युअलची क्लच प्लेट वाकलेली असते. बोल्टचं काम फक्त धरून ठेवायचं. दोन भाग एकमेकांजवळ आणायचं काम हाताने आणि जॅकने करायचं. हे एक डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

खाली दिलेले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच खरा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमध्ये आकडे वेगळे असतात, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव बघून आकडा उचलू नका. इंजिन आणि गिअरबॉक्सचा कोड जुळवून घ्या.

आकडा नक्की काय सांगतो

बोल्ट म्हणजे एक कडक स्प्रिंग. आवळताना तो अगदी किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीनेच दोन भाग दाबून धरले जातात. आपल्याला हवा असतो तो हा ताण. तो गाडीखाली झोपून मोजता येत नाही, म्हणून आपण पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजतो.

गोम इथेच आहे. लावलेल्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. म्हणजे घर्षण थोडं बदललं तरी ताण खूप बदलतो. आटे गंजलेले असतील तर टॉर्क रेंच टक करेल, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसेल. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टवर वापरलात, तर ताण पाव हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त वाढतो, आणि ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे उपटून येतात. मॅन्युअलमध्ये "तेल लावा" असं लिहिलं असेल तरच तेल लावायचं. काही लिहिलं नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे. "सोपं जावं म्हणून थोडं ग्रीस" ही सवय इथे महागात पडते.

बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की बोल्ट तुटायची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती हिश्शाला बोल्ट कायमचा लांबायला लागतो. ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो, पण ६४० लाच लांबायला लागतो. १०.९ च्या जागी ८.८ चा बोल्ट घालून मॅन्युअलमधला टॉर्क दिला, तर तो तिथेच लांबेल. उलटही करू नका: कडक बोल्ट मिळाला म्हणून टॉर्क वाढवायचा नसतो, कारण समोरचे ॲल्युमिनियमचे आटे तेवढेच राहतात.

स्टीलमध्ये बसणाऱ्या, कोरड्या, ८.८ च्या बोल्टसाठी ढोबळ आकडे असे (एम पुढचा आकडा म्हणजे बोल्टचा मिलिमीटरमधला व्यास): एम ६ ला १० न्यूटन मीटर, एम ८ ला २५, एम १० ला ५० च्या आसपास, एम १२ ला ८५. ॲल्युमिनियममध्ये कंपनी बऱ्याचदा याहून कमी देते. तुम्ही वाचलेला आकडा यापासून फार लांब असेल, तर आधी एकक तपासा. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर, आणि १ इंच-पाउंड म्हणजे फक्त ०.११३. इंच-पाउंडचा आकडा फूट-पाउंड समजून लावला की जोर १२ पट होतो. एम ६ चा बोल्ट त्यात आकडा येण्याच्या खूप आधी तुटतो.

हत्यारं

टॉर्क रेंच एक पुरत नाही, दोन लागतात. पाव इंच किंवा तीन-अष्टमांश ड्राइव्हचा ५ ते २५ न्यूटन मीटरचा एक, आणि अर्धा इंच ड्राइव्हचा ४० ते २०० चा एक. मोठ्या रेंचवर १० न्यूटन मीटर येतच नाही. त्याने ऑइल पॅनचे बोल्ट आवळायला गेलात तर टक ऐकू येण्याची वाट बघता बघता बोल्ट तुटतो. कुठलाही रेंच त्याच्या पट्टीच्या तळाच्या २० टक्क्यांत वापरू नये, तिथे त्याचा भरवसा नसतो.

क्लिक प्रकारचा रेंच वापरताना हात मुठीच्या मधोमध धरा. एका दमात, सावकाश ओढा. टक झालं की थांबा. "अजून एकदा, खात्रीला" म्हणून दिलेला दुसरा टक म्हणजे वाढीव टॉर्क. त्याच रेंचने बोल्ट सोडवू नका. काम झालं की पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. स्प्रिंग दाबलेली ठेवून महिने गेले की आकडा सरकतो. पडला असेल, किंवा वर्षभर तपासलेला नसेल, तर आधी कॅलिब्रेट करून घ्या.

सरळ एक्स्टेन्शन रॉडने टॉर्क बदलत नाही, फक्त लांब रॉड पिळतो म्हणून अजून सावकाश ओढावं लागतं. युनिव्हर्सल जॉइंट मात्र कोनात गेला की आकडा खोटा ठरतो, म्हणून तो जमेल तितका सरळ ठेवा. बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनला टेकणारं घंटेच्या आकाराचं तोंड) वरच्या बोल्टना हात पोचत नाही तिथे क्रोफूट, म्हणजे रेंचच्या टोकाला लागणारं उघड्या तोंडाच्या पान्याचं डोकं, लावावा लागतो. तो रेंचला काटकोनात लावला तर आकडा तोच ठेवायचा. रेंचच्या रेषेत पुढे लावला तर रेंचची लांबी वाढते आणि आकडा कमी करावा लागतो: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि क्रोफूट मिळून झालेली लांबी. रेंच ४०० मिलिमीटर, क्रोफूट ५० मिलिमीटर आणि हवे ६० न्यूटन मीटर, तर रेंच ५३ वर लावायचा.

याशिवाय लागेल ते: सहा कोनी सॉकेट (बारा कोनी सॉकेट बोल्टचं डोकं गोल करतो), वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, आटे साफ करायचा चेसर, व्हर्नियर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कोन मोजायचं गेज, पेंट मार्कर, क्लच सेंटर करायचं टूल आणि ट्रान्समिशन जॅक. जॅकवर पैसे वाचवू नका. छोट्या गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्ससुद्धा ३५ ते ५० किलोचा असतो, ऑटोमॅटिक त्याहून बराच जड. छातीवर घेऊन चढवायची ही वस्तू नाही.

इम्पॅक्ट गन सोडवायला ठीक. आवळायला ती गिअरबॉक्सजवळ आणूच नका.

आधीची तयारी

गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, चार पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. स्टार्टर मोटरची जाड वायर कायम जिवंत असते आणि स्टार्टर बेलहाउसिंगलाच लागलेला असतो.

बोल्ट काढताना वेगवेगळ्या लांबीचे निघतील. डब्यात एकत्र टाकलेत तर परत लावताना अंदाजपंचे होईल. एका पुठ्ठ्यावर बेलहाउसिंगचा आकार काढा, भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट ज्या जागेचा त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो भोकाच्या तळाला जाऊन अडतो: रेंच टक करतो, पण बोल्टचं डोकं कड्यावर दाबलेलंच नसतं. आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो आणि ते आटे निघून येतात. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या निदान दीड पट लांबी आट्यांत शिरलेली हवी, एम १० साठी १५ मिलिमीटर. शंका असेल तिथे व्हर्नियरने भोकाची खोली मोजा.

प्रत्येक बोल्ट वायर ब्रशने घासा, ब्रेक क्लीनरने धुवा, वाळू द्या. मान बारीक झालेली दिसली, आट्यांचं अंतर एका ठिकाणी वाढलेलं वाटलं, तर तो बोल्ट ताणला गेला आहे, फेकून द्या. नवा बोल्ट शेजारी धरून बघितला की फरक लगेच कळतो.

भोकं साफ करायला चेसर वापरा. कापणारा टॅप मारलात तर तो ॲल्युमिनियम खरवडतो आणि आटे ढिले होतात. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा क्लीनर साचलेलं असेल तर ते काढायलाच हवं. द्रव दाबला जात नाही. बोल्ट पिस्टनसारखा खाली येतो आणि केसिंगला तडा जातो, किंवा रेंच लवकर टक करून फसवतो. चष्मा घालून हवेने भोक उडवा, वर फडकं धरा.

दोन्ही सपाट तोंडं पुसून घ्या आणि बोटाने चाचपा. बोल्टच्या भोकाभोवती उठलेला कंगोरा, जुन्या सिलिकॉनचा पापुद्रा, मध्ये आलेली वायर, वाकलेली इंजिन प्लेट, यातलं काहीही राहिलं की गिअरबॉक्स तिरका बसतो. डॉवेल पिन दोन्ही जागेवर आहेत का ते खास बघा. गिअरबॉक्स इंजिनच्या मध्यावर आणायचं काम त्या दोन छोट्या पिना करतात. बोल्टची भोकं मुद्दाम सैल असतात. एक पिन हरवली की गिअरबॉक्स मिलिमीटरच्या काही भागाने खाली सरकून बसतो. मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं, सील गळतं, क्लच धडधडतो, आणि बोल्ट मात्र सगळे अचूक टॉर्कवर असतात.

केसिंग गरम असताना टॉर्क देऊ नका. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मॅन्युअलमधले आकडे थंड, खोलीच्या तापमानातल्या भागांसाठी असतात.

फ्लायव्हील आणि क्लच कव्हर

मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर बेलहाउसिंगच्या आधी हे दोन जोड येतात: इंजिनच्या मागची जड चकती म्हणजे फ्लायव्हील, आणि तिच्यावर क्लच प्लेट दाबून धरणारं क्लच कव्हर.

फ्लायव्हीलचे बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, कारण ते टॉर्क अधिक कोन या पद्धतीने आवळले जातात: समजा आधी ६० न्यूटन मीटर, मग वरून ९० अंश. त्यात बोल्ट लांबायच्या हद्दीपर्यंत मुद्दाम नेलेला असतो. घर्षणाचा खेळ इथे कमी चालतो, म्हणूनच कंपन्यांना ही पद्धत आवडते. कोन नेहमी गेजने मोजा, नजरेने "पाव फेरा" नको. काही इंजिनांत ही भोकं क्रँककेसमध्ये आरपार जातात. तिथे मॅन्युअल सांगेल तो सीलर लावला नाही तर तेल आट्यांतून झिरपून थेट क्लचवर येतं, आणि लोक बिचाऱ्या ऑइल सीलला दोष देत बसतात.

क्लच कव्हरचे बोल्ट बहुधा एम ८ असतात, २५ न्यूटन मीटरच्या आसपास. आतला डायाफ्राम स्प्रिंग कव्हरला उलट ढकलत असतो, त्यामुळे एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर कव्हर वाकतं आणि क्लच सोडताना गाडी थरथरते. क्लच प्लेट टूलने सेंटर करा, सगळे बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोरच्या जोड्या घेऊन प्रत्येकाला एकेक फेरा देत कव्हर समांतर खाली आणा. कव्हर फ्लायव्हीलला सगळीकडून टेकल्यावरच टॉर्क रेंच. टूल सगळ्यात शेवटी काढा. ते अडखळत निघालं तर प्लेट मध्यावर नाही, परत सैल करा.

बेलहाउसिंग: मुख्य काम

१. ऑटोमॅटिक असेल तर आधी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा, तेलातून जोर पोचवणारा गोल डबा) गिअरबॉक्समध्ये पूर्ण बसवा. गिअरबॉक्स किंचित उताणा ठेवा, कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून आत दाबत गोल फिरवा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये तो टप्प्याटप्प्याने आत जातो: एकदा स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) जुळले की धप्पकन थोडा आत, फिरवत राहिलं की दुसऱ्यांदा, आणि शेवटी पंपाच्या खाचांत पडताना तिसऱ्यांदा. हा तिसरा धक्का जाणवल्याशिवाय थांबू नका. मग बेलहाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टर किती आत आहे ते व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलशी ताडा. पंपाच्या खाचांत न बसलेला कन्व्हर्टर बोल्टनी ओढला की पंपाचा गिअर फुटतो.

२. गिअरबॉक्स जॅकवर घेऊन इंजिनच्या रेषेत आणा. उंची जमली पण कोन चुकला तरी अडकतो. दोन्ही तोंडांमधली फट वर-खाली, डावी-उजवीकडे सारखी दिसेपर्यंत जॅक झुकवा. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर टाकून आउटपुट बाजू थोडी फिरवली की स्प्लाइन जुळतात. गिअरबॉक्स अर्धवट गेलेला असताना हात सोडू नका. सगळं वजन इनपुट शाफ्टवर लटकलं की क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

३. तोंडाला तोंड लागेपर्यंत हाताने ढकला. डॉवेल पिन शिरताना थोडा चिवटपणा जाणवतो, गिअरबॉक्स हलवत ढकलला की शिरतो. १०-१५ मिलिमीटर फट राहिली आणि पुढे जातच नसेल तर मागे घ्या. क्लच मध्यावर नाही, कन्व्हर्टर पुढे सरकलाय, किंवा मध्ये वायर अडकलीय. परत काढायला अर्धा तास जाईल. तो जाऊ द्या.

४. सगळे बोल्ट हाताने लावा. पाना न लावता. आटे जुळवायची युक्ती: बोल्ट भोकाशी टेकवून आधी उलटा फिरवा. आट्याची सुरुवात जिथे येते तिथे तो बारीकसा टक करत खाली पडतो, बोटाला स्पष्ट कळतं. तिथून सुलटा फिरवायचा. दोन-तीन फेऱ्यांतच जड झाला तर थांबा. आटा तिरका लागलाय, किंवा आट्यांमध्ये १.२५ मिलिमीटर अंतर असलेल्या भोकात १.५ चा बोल्ट आलाय. बोटांनी निदान चार-पाच फेरे गेले पाहिजेत.

५. डॉवेल पिनजवळचे दोन बोल्ट रॅचेटने हलकेच टेकवा. आता तोंडांच्या कडेने सगळीकडून फीलर गेज फिरवा. ०.०५ मिलिमीटरची पट्टीसुद्धा कुठेही शिरू नये. इथे वेळ द्या, कारण यानंतर चूक दिसत नाही. ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक बघायचं: कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा, आणि तो आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागची पातळ दातेरी चकती) यांच्यात थोडी फट हवी, बऱ्याच गाड्यांत ३ ते ५ मिलिमीटर. फट नसेल, कन्व्हर्टर फिरत नसेल, तर तो आत बसलेला नाही.

६. बाकीचे बोल्ट टेकवा. मग तीन टप्पे: आकडा ६० असेल तर सगळ्यांना आधी २०, मग ४०, मग ६०. क्रम समोरासमोरचा, चाकाचे नट आवळतो तसा. मॅन्युअलमध्ये क्रमांक दिले असतील तर तोच क्रम. वरचे आणि खालचे बोल्ट वेगळ्या मापाचे असू शकतात, एम १२ आणि एम १० मिसळलेले. त्यांचे आकडे वेगळे, पुठ्ठ्यावर बोल्टशेजारी लिहून ठेवलेत तर बरं. पूर्ण आकड्याची फेरी झाल्यावर पहिल्या बोल्टपासून आणखी एक फेरी मारा. पहिले बोल्ट नंतरच्यांच्या दाबाने थोडे सैलावतात.

७. प्रत्येक बोल्ट झाल्या झाल्या डोक्यावरून केसिंगवर पेंटची रेघ ओढा. अर्ध्यात फोन आला तरी कुठला झाला, कुठला राहिला हे कळतं.

आवळताना हाताकडे लक्ष ठेवा. चांगला बोल्ट आवळत जातो तसा जोर सरळ वाढत जातो. बोल्ट फिरतोय पण जोर वाढत नाही, हाताला मऊ, लोण्यासारखं लागतंय, तर एक तर बोल्ट लांबतोय किंवा आटे सुटतायत. टकची वाट बघू नका. बोल्ट काढा आणि आट्यांत चांदीसारखी ॲल्युमिनियमची जाळी आलीय का बघा.

केसिंग मॅग्नेशियमचं असेल तर बोल्ट ॲल्युमिनियमचे असू शकतात, हलके आणि एकदाच वापरायचे. जागी साधे स्टीलचे बोल्ट घालू नका. मॅग्नेशियम त्यांच्याभोवती गंजून जातं.

कन्व्हर्टरचे बोल्ट

खालच्या किंवा स्टार्टरच्या भोकातून एका वेळी एकच दिसतो. पुढच्या पुलीच्या बोल्टवरून इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवत सगळे आधी हाताने लावा, मगच पहिला आवळा. एक आधी आवळला की बाकीची भोकं जुळत नाहीत. आवळताना फ्लेक्सप्लेटच्या दात्यांत लॉकिंग टूल अडकवा. पुलीच्या बोल्टवर पाना अडवून धरलात तर तो बोल्टच सैल होऊ शकतो. बोल्ट मूळ लांबीचेच हवेत. दोन मिलिमीटर लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो, आणि लॉकअप क्लच तिथेच घासतो.

ऑइल पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी

मोठे बोल्ट लोक जपून आवळतात. घात होतो तो या छोट्या एम ६ बोल्टवर. ऑटोमॅटिकच्या पॅनला साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर लागतात. रॅचेट मुठीत धरून आवळलं तर नकळत २० होतात. मग पॅनचा पत्रा प्रत्येक भोकाजवळ खड्ड्यासारखा दबतो, दोन बोल्टांच्या मध्ये उचलला जातो आणि तिथून तेल गळतं. गळतंय म्हणून अजून आवळलं की पॅकिंग बाहेर सांडतं. गळती कधीच जोराने थांबत नाही. पॅन काढा, कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हलकेच सपाट करा, नवं पॅकिंग कोरडं लावा. रबराच्या पॅकिंगला सिलिकॉन फासू नका. ते दाबाने घसरून बाहेर पडतं आणि त्याचे तुकडे फिल्टरमध्ये जातात.

व्हॉल्व्ह बॉडीलाही (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) तेवढाच हलका टॉर्क, पण इथे चूक जास्त बोचते. आतले स्पूल व्हॉल्व्ह मिलिमीटरच्या काही शतांशांच्या मोकळिकीत सरकतात. बॉडी जराशी वाकली तरी व्हॉल्व्ह अडकतो आणि गिअर उशिरा किंवा धक्क्याने पडतात. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून गोल गोल बाहेर जा, दोन टप्प्यांत. फडकं धागे न सुटणारं हवं.

ड्रेन प्लग सोडायच्या आधी भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलत नाही. ड्रेन प्लगचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर दर वेळी नवं. निमुळत्या आट्यांचा प्लग असेल तर त्याला वॉशर नसतं आणि तो पाचरीसारखा काम करतो. जास्त आवळला की केसिंग फाटतं.

माउंट

गिअरबॉक्स माउंटचे बोल्ट आधी फक्त टेकवा. जॅक काढा, इंजिन-गिअरबॉक्सचं वजन माउंटवर येऊ द्या, दोन-चारदा हलवा आणि मग टॉर्क द्या. अधांतरी आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, केबिनमध्ये घरघर येते आणि रबर लवकर फाटतं. माउंटचे बोल्टही अनेक गाड्यांत टॉर्क अधिक कोनाचे असतात, नवेच घाला.

आटे गेले तर

टेफ्लॉन टेप, एम-सील, एक माप मोठा बोल्ट ठोकून बसवणं, हे काही करू नका. तारेचं इन्सर्ट घालणं हाच नीट उपाय. किटमध्ये ड्रिल, टॅप, इन्सर्ट आणि बसवायचं टूल असतं. ड्रिलला ग्रीस लावा म्हणजे किस आत पडणार नाही. सरळ, काटकोनात भोक पाडा. शेजारचा बोल्ट गाइड म्हणून डोळ्यासमोर ठेवा. टॅप मारा, भोक धुवा, इन्सर्ट तोंडापासून अर्धा फेरा खाली जाईपर्यंत फिरवा आणि टोकाची शेपटी तोडून बाहेर काढा. ती शेपटी गिअरबॉक्सच्या आत पडता कामा नये. नीट बसलेलं इन्सर्ट मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त भार घेतं, त्यामुळे टॉर्क मॅन्युअलमधलाच.

काम संपल्यावर

तेल मॅन्युअलमधल्या पद्धतीने भरा. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावरच बघायची असते. थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलेला असेल तर त्याला पूर्ण धरायला २४ तास द्या. गाडी जागेवरच चालू करा, सगळे गिअर टाकून बघा, खालून कान द्या. घासल्याचा किंवा किणकिण आवाज आला तर लगेच बंद करा.

थोडी चालवून आणल्यावर थंड होऊ द्या आणि पेंटच्या रेघा बघा. रेघ अखंड असेल तर त्या बोल्टला हात लावू नका. कोनाने आवळलेले आणि थ्रेडलॉकर लावलेले बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासायचे नसतात. कोनाचा बोल्ट त्यात आणखी लांबतो, आणि लॉकरची पकड एकदा तुटली की परत जुळत नाही. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट पूर्ण काढा, आटे आणि भोक परत साफ करा, कोनाचा असेल तर नवा घ्या आणि पहिल्यापासून आवळा.